गल्लीतल्या दवाखान्याची तपासणी आपली आपणच कशी करायची

माझी मावसबहीण इंग्लंडात लेस्टरला असते, तिच्या डॉक्टरच्या दवाखान्यात शिरलं की समोरच बोर्ड, केअर क्वालिटी कमिशन या तिथल्या तपासणी संस्थेने तपासलंय आणि रेटिंग अमुक. चार प्रकारची रेटिंग असतात, उत्तम, चांगलं, सुधारणा हवी आणि अपुरं, आणि वाईट मिळालं तरी ते लावावंच लागतं, कायदाच आहे तसा. आपल्याकडे नाशिकला सिडकोत नाहीतर पंचवटीत एका गाळ्यात चालणारा ओपीडीचा दवाखाना असं नेमाने तपासायला कोण येतं? महाराष्ट्राचा नर्सिंग होम कायदा १९४९ चा, पण तो पेशंट अ‍ॅडमिट करणाऱ्यांसाठी. नुसती तपासणी आणि गोळ्या देणारा दवाखाना त्यात बसत नाही. म्हणून बाकड्यावर नंबरची वाट बघत बसलेलो असतो तेवढ्या वेळात आपणच इन्स्पेक्टर व्हायचं.

सुरुवात घरूनच करा. डॉक्टरचं नाव किंवा रजिस्ट्रेशन नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर टाका. एमबीबीएस आणि त्यापुढचे तिथे सापडतात, बीएएमएस आणि बीएचएमएस यांच्या कौन्सिल वेगळ्या आहेत त्यामुळे इथे नाव नाही म्हणून लगेच बोगस म्हणू नका, आधी डिग्री बघा. कौन्सिलने क्यूआर कोडची पण सोय केलीय, दवाखान्यात लावलेला असेल तर स्कॅन करायला कितीसा वेळ लागतो. नोंदणी दर ५ वर्षांनी रिन्यू करावी लागते हेही लक्षात ठेवा. नंबर चिठ्ठीवर आणि पावतीवर छापलेला असायलाच पाहिजे, आणि चिठ्ठी कोऱ्या कागदावर मिळत असेल तर मी तरी दुसरा दवाखाना बघेन.

आता आत गेल्यावर. एसी, सोफा, मत्स्यालय याला माझ्या लेखी शून्य मार्क. बघायचं ते सुईकडे.

इंजेक्शन असेल तर सिरिंजचं पाकीट तुमच्यासमोर फाडलं पाहिजे. आधीच भरून ट्रेमध्ये ठेवलेली सिरिंज असेल तर सरळ म्हणायचं, डॉक्टर, नवी घ्या ना. लाजायचं नाही. छोट्या बाटलीतून अनेकांना औषध देत असतील तर बाटलीवर फोडल्याची तारीख लिहिलेली आहे का बघा. टोचून झाल्यावर सुई कुठे जाते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. परत टोपण लावायला गेले की स्वतःलाच टोचायची भीती असते, म्हणून सुई थेट कटरमध्ये आणि तिथून पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस आणि बँडेज पिवळ्या पिशवीत, सिरिंजचा प्लॅस्टिकचा भाग, सलाईनच्या नळ्या आणि ग्लोव्हज लाल पिशवीत, काचेच्या बाटल्या निळ्या खुणेच्या डब्यात. दवाखान्यातल्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी असंच ठरलंय आणि रक्ताचा कापूस-बँडेज असा कचरा ४८ तासांच्या वर दवाखान्यात ठेवता येत नाही. कंपाउंडरला सहज विचारा, दादा ही पिवळी पिशवी न्यायला गाडी कधी येते हो? उत्तर पटकन आलं तर गाडी येते. "अं... येते कधीतरी" म्हणाला तर घंटागाडीतच जातंय सगळं, आणि ती उचलणाऱ्या माणसाच्या हाताला टोचतंय.

मग फ्रीज. इथे माझा अनुभव सांगतो, दवाखान्याचं नाव नको. मुलीला लस द्यायला गेलो, फ्रीज उघडला आणि लसीच्या शेजारी कोथिंबिरीची जुडी! मी हसलो पण लस घेतली नाही. लस २ ते ८ डिग्रीत राहिली पाहिजे, आत थर्मामीटर हवा, दारातल्या कप्प्यात लस नको, कारण दार उघडझाप केलं की तिथलंच तापमान आधी चढतं. जेवणाचा डबा ठेवलेला फ्रीज दिवसातून किती वेळा उघडत असतील विचार करा. आणि लाईट गेली तर काय करता हे नक्की विचारा, उन्हाळ्यात तर हमखास.

हात धुतात का, दोन पेशंटच्या मध्ये सॅनिटायझर तरी लावतात का, हे तर दिसतंच. टाके घालणारा किंवा ड्रेसिंग करणारा दवाखाना असेल तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने अवजारं निर्जंतुक करणारं यंत्र, आहे का विचारा, चिमटा नुसता गरम पाण्यात बुचकळून काढणं म्हणजे निर्जंतुक नव्हे. इंजेक्शन दिल्यावर रिअ‍ॅक्शन आली तर लागणारं अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी असावं, आणि टोचल्या टोचल्या घरी न पाठवता थोडा वेळ बसवून ठेवतात का तेही बघा.

अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर बघायच्या गोष्टी वाढतात. नर्सिंग होमच्या नोंदणीचं सर्टिफिकेट भिंतीवर हवं, २०२१ च्या नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद लावलेली हवी. जिना मोकळा आहे की खाली सिलेंडर आणि गाद्या रचल्यात, तेही बघून घ्या. २१ एप्रिल २०२१ ला आपल्याच झाकीर हुसेन हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनची टाकी गळली आणि वीसहून जास्त माणसं गेली, त्यानंतर मी तरी कुठेही गेलो की ऑक्सिजन कुठून येतो ते विचारतो, लोक बघतात माझ्याकडे, बघू देत.

काही खटकलं तर आधी डॉक्टरलाच सांगा, निम्म्या गोष्टी तिथेच सुटतात, चांगला डॉक्टर रागावत नाही. नाहीच ऐकलं तर शहरात राजीव गांधी भवनला महापालिकेच्या वैद्यकीय विभागात, ओझर-सिन्नरकडे असाल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, डॉक्टरच्या वागणुकीबद्दल असेल तर कौन्सिलकडे, आणि कचऱ्याचं असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, त्यांचं ऑफिस सातपूरला उद्योग भवनात आहे. अर्ज लेखीच द्या, दोन प्रती न्या, एकीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. आपले रिपोर्ट आणि कागद मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात, ते तक्रारीच्या आधीच मागून घ्या. आणि पुरावा म्हणून फोटो काढताना दुसऱ्या पेशंटचा चेहरा येऊ देऊ नका.