जुन्या इंग्रजी संगणकावर थाई टायपिंग कसे करावे

नाशिकच्या एखाद्या निर्यातदाराला मालाच्या खोक्यावर ग्राहकाचा पत्ता थाई लिपीत हवा असतो. कुणी थाई शिकायला घेतलेली असते, तर कुणाला बँकॉकच्या सहलीआधी हॉटेलचा पत्ता टॅक्सीवाल्याला दाखवण्यासाठी छापून न्यायचा असतो. हाताशी मात्र विंडोज एक्सपीचा जुना, इंग्रजी संगणक असतो. एवढ्यासाठी नवा संगणक घेऊ नका. एक्सपीत थाईची सोय कंपनीनेच दिलेली आहे. इंग्रजी आवृत्तीत ती बसवलेली नसते इतकेच.

आधी लिपी बसवून घ्या. अॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून लॉगिन करा आणि स्टार्ट, कंट्रोल पॅनेल, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स या वाटेने लँग्वेजेस हा टॅब उघडा. खाली दोन चौकोन दिसतील. पहिला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’चा, त्याच ओळीत थाईचे नावही असते. त्यावर टिक करा. दुसरा चौकोन चिनी, जपानी, कोरियनसाठी आहे. थाईला त्याचा काही उपयोग नाही आणि तो २३० एमबी जागा घेतो, पहिल्याला १० एमबी पुरतात. ओके दाबल्यावर संगणक एक्सपीची सीडी किंवा ‘आय ३८६’ नावाचे फोल्डर मागतो. सीडी हरवली असेल तर आधी सी ड्राइव्हमध्ये हे फोल्डर शोधा. संगणक जोडून देणारे बरेचजण ते तिथे कॉपी करून ठेवत. नसेलच, तर तुमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याकडे सीडी मागा. फाइल्स बसल्या की संगणक रीस्टार्ट करावा लागतो.

युनिकोड (सर्व लिप्यांसाठी असलेली एकच अक्षर-संकेतपद्धती) मराठी चालावी म्हणूनही एक्सपीत हाच चौकोन निवडतात. त्यामुळे मराठी मजकूर जोडाक्षरे न तुटता दिसत असेल, तर बहुधा हे काम आधीच झालेले आहे. शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमधली मराठी दिसते, एवढ्यावरून मात्र ते झाले असे समजू नका. त्या फॉन्टना याची गरजच नसते.

आता कीबोर्ड. त्याच लँग्वेजेस टॅबवर डिटेल्स, मग अॅड. भाषा थाई निवडा आणि कीबोर्ड ‘थाई केडमनी’. यादीत पट्टाचोट नावाची दुसरी रचनाही दिसेल. ती १९६० च्या दशकातली, बोटांवरचा भार नीट वाटला जावा म्हणून आखलेली, पण थायलंडमध्ये रोजच्या वापरात केडमनीच आहे. तीच घ्या. घड्याळाजवळ ‘ईएन’ दिसू लागेल. डावे ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की तिथे ‘टीएच’ येते, पुन्हा दाबले की इंग्रजी. विंडोज ७ असेल तर लिपी बसवण्याची पायरी लागतच नाही, थेट रीजन अँड लँग्वेजमध्ये जाऊन कीबोर्ड जोडा.

कळांवर थाई अक्षरे नसतात, म्हणून स्टार्टमधल्या रनमध्ये ‘ओएसके’ टाइप करून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा. सुरुवातीला आपल्या शहराचे नाव लिहून पाहा: ओ, के, शिफ्टसह एल, बी, डी. थाईत ‘नाशिक’ तयार. बी या कळीवरची इकाराची खूण अक्षराच्या डोक्यावर बसते आणि अक्षरानंतरच दाबायची असते.

मराठी टायपिस्ट अडखळतो तो क्रमावर. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड रचनेत आपण ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी दाबतो, दिसायला ती आधी असली तरी. थाईत तसे नाही. अक्षराच्या डावीकडे उभे राहणारे पाच स्वर अक्षराच्या आधीच दाबायचे. ‘थाई’ हा शब्दच घ्या: डब्ल्यू, एम, पी. यातली पहिली कळ स्वराची, अक्षर नंतर. ज्यांचा हात जुन्या रेमिंग्टन रचनेवर बसला आहे, त्यांना हे सोपे जाईल, कारण तिथेही ऱ्हस्व वेलांटी आधी मारतात. वर-खाली येणाऱ्या खुणांचा क्रम असा: अक्षर, मग स्वर, मग सुराची (उच्चारातल्या चढ-उताराची) खूण. उलट केले तर काही प्रोग्रॅम ती खूण घेतच नाहीत. कीबोर्ड बिघडला असे वाटते, पण क्रम चुकलेला असतो.

शब्दांमध्ये स्पेस देऊ नका. थाईत शब्द सलग लिहितात, मोकळी जागा वाक्य किंवा वाक्यांश संपल्यावर सोडतात. आणखी एक अडचण आकड्यांची. वरच्या ओळीतल्या बहुतेक कळांवर थाई अक्षरे आहेत, त्यामुळे फोन नंबर किंवा पिनकोड उजवीकडच्या नंबर पॅडवरून टाका, नाहीतर तेवढ्यापुरते इंग्रजीवर या.

फॉन्ट ताहोमा ठेवा, थाई त्यात स्पष्ट दिसते. अँगसाना न्यू छपाईला सुंदर आहे, पण त्याची अक्षरे लहान असतात. तो १६ पॉइंटला ठेवा.

नोटपॅडमध्ये लिहिले असेल तर सेव्ह अॅज करताना एन्कोडिंगच्या (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीच्या) जागी यूटीएफ-८ निवडा. आधीपासून असलेले एएनएसआय तसेच राहिले तर फाइल पुन्हा उघडल्यावर सगळीकडे प्रश्नचिन्हे दिसतील, आणि तो मजकूर परत मिळत नाही. बिलिंगच्या जुन्या प्रोग्रॅममध्येही अशी प्रश्नचिन्हे येतात, कारण तो युनिकोड ओळखत नाही. रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये नॉन-युनिकोड प्रोग्रॅमची भाषा थाई करून ते सुधारू शकते, पण मग जुन्या फॉन्टवर चालणाऱ्या मराठी प्रोग्रॅमची अक्षरे बिघडू शकतात. दुकानाचा हिशोब त्यावर असेल तर याला हात लावू नका, पत्ता वर्डमध्ये वेगळा छापा.

एक्सपीला सुरक्षा अपडेट मिळणे एप्रिल २०१४ मध्ये थांबले, विंडोज ७ ला जानेवारी २०२० मध्ये. म्हणून टायपिंग या संगणकावर करा, पण ईमेल इथून पाठवू नका. फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या संगणकावर आधी व्हायरस तपासा आणि मग तिथून पाठवा.