लेक डिस्ट्रिक्टला गाडी घेऊन जाताय? पार्किंगच्या या चुका टाळा

मी मँचेस्टरला राहतो आणि ईस्टर उजाडला की माझ्या फोनवर लेक डिस्ट्रिक्टहून (इंग्लंडच्या वायव्येचा तळ्या-डोंगरांचा भाग) एकाच प्रकारचे मेसेज सुरू होतात. "दादा, काचेवर पिवळं पाकीट चिकटवून गेलेत, काय करू?" सोबत फोटो. पाकिटात पार्किंगच्या दंडाची नोटीस. दरवर्षी माणसं नवीन, चुका त्याच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी थोडं रागावतो. आपल्या लोकांचं काय होतं, सकाळी पोहे, मग चहा, मग कोणाची तरी पॉवर बँक सापडत नाही, साडेदहाला निघायचं, एकला पोचायचं आणि मग "इथे पार्किंगच नाहीये यार". होतं की, नऊ वाजता होतं. पोहे डब्यात घ्या आणि तिथे जाऊन खा. खालच्या निम्म्या चुका या उशिरातूनच होतात, कारण एकदा तीन कार पार्क फुल दिसले की माणूस कुठेही गाडी घुसवतो.

आता माझ्या डोक्यात जाणारी नंबर एकची चूक, पासिंग प्लेसमध्ये गाडी लावणे.

माझा आतेभाऊ तेव्हा नुकताच पुण्याहून लीड्सला आला होता, आत्या आणि काका इंडियाहून फिरायला आलेले, त्याने हौसेने सेव्हन सीटर भाड्याने घेतली आणि आम्ही दोन गाड्या घेऊन न्यूलँड्स व्हॅलीत गेलो. ब्रेथवेटकडून बटरमिअरला जाणारा तो रस्ता म्हणजे आपल्या गावाकडची पाणंद समजा, फक्त डांबरी, आणि बऱ्याच ठिकाणी कडेला दगडी गडगे. अशा रस्त्यावर थोड्या थोड्या अंतरावर एका बाजूला खिसा काढल्यासारखी जागा असते आणि 'पासिंग प्लेस' असा छोटा बोर्ड. समोरून गाडी आली की खिसा आपल्या डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर त्याच्या समोर आपल्याच बाजूला थांबायचं, समोरचा आत शिरतो. बस, एवढंच काम त्या जागेचं. हायवे कोडच्या (ब्रिटनचं रस्त्याच्या नियमांचं पुस्तक) १५६ नंबरच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की तिथे पार्क करू नका.

आतेभाऊ म्हणाला, बघ, बोर्ड लावून जागा दिलीय. आणि लावली गाडी. मी मागच्या गाडीत होतो, मला माहीत होतं, तरी गप्प बसलो, कारण पाचच मिनिटं फोटो काढायचे होते आणि आत्या खूश होती. मी माझी गाडी पुढे एका मोकळ्या जागी लावली आणि चालत आलो. पाच मिनिटांची चाळीस झाली. परत येतो तर एका बाजूने मेंढ्यांचा ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर, समोरून तीन कार आणि एक व्हॅन, मधला एकमेव खिसा आमच्या सेव्हन सीटरने भरलेला. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं, ते जास्त वाईट वाटतं. शेतकरी गडग्याला टेकून उभा होता, एवढंच विचारलं, "ही तुमची का?" मग व्हॅनपासून सगळी वरात रिव्हर्समध्ये, तेव्हा कुठे आतेभावाला बाहेर निघायला जागा झाली, आणि घाबरून निघताना डावा आरसा गडग्याला घासला. डिपॉझिटमधून कापले पैसे. आत्याने खिडकीतून शेतकऱ्याला बेसनाचा लाडू दिला, त्याने घेतला, पण चेहरा होता तसाच.

तेव्हापासून माझी सवय अशी की जिथे दोन गाड्या आरामात पास होत नाहीत त्या रस्त्यावर मी थांबतच नाही, फोटोलाही नाही. शेताच्या गेटचंही तेच. "बंद आहे, गवत वाढलंय, वापरात नसणार" हे तुम्हाला कोणी सांगितलं? आणि गेटच्या समोरची बाजूपण सोडा, ट्रेलरवाल्या ट्रॅक्टरला वळायला ती लागते.

दुसरी चूक दिसायला फालतू आहे पण पैसे जास्त खाते. प्रायव्हेट कार पार्कमध्ये कॅमेरा नंबर प्लेट वाचतो आणि मशीनवर नंबर तुम्ही टाइप करता. पाऊस, मागे लाइन, पोरं रडतायत, आणि तुम्ही शून्याच्या जागी ओ टाकता. मशीन पैसे घेतं, पावती देतं, आणि घरी पत्र येतं, १०० पौंड भरा, १४ दिवसांत भरलेत तर ६०. माझं हे स्वतःचं झालंय. पैसे भरून, पावती खिशात असून. प्लेटवर शून्य आणि ओ सारखेच दिसतात, त्यामुळे डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, जागा बघा. २००१च्या सप्टेंबरपासूनच्या नेहमीच्या प्लेटवर आधी दोन अक्षरं, मग दोन आकडे, मग तीन अक्षरं. म्हणजे तिसरा-चौथा कायम आकडा, बाकी सगळी अक्षरं. भाड्याची गाडी असेल तर मी प्लेटचा फोटो काढूनच मशीनकडे जातो, आणि पावती महिनाभर पाकिटात ठेवतो, बायको हसते, हसू दे. त्या पावतीच्या फोटोवरच माझं पत्र रद्द झालं.

इथे एक गोंधळ सगळ्यांचा होतो. काउन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, ती पेनल्टी चार्ज नोटीस, प्रायव्हेटवाल्यांची पार्किंग चार्ज नोटीस. शॉर्टफॉर्म दोन्हीचा पीसीएन, मुद्दामच केलंय की काय देव जाणे. काउन्सिलची चुकीप्रमाणे ७० किंवा ५० पौंड, १४ दिवसांत भरली तर निम्मी. चॅलेंज करायचं असेल तर आधी भरू नका, भरलं की केस बंद. आणि कुठल्या काउन्सिलची आहे ते नीट वाचा, कारण २०२३च्या एप्रिलपासून जुनी कंब्रिया काउंटी काउन्सिल राहिलेली नाही, केस्विक गाव नव्या कंबरलँड काउन्सिलकडे, विंडरमिअर-अँबलसाइड वेस्टमोरलंड अँड फर्नेसकडे. भाड्याच्या गाडीवर नोटीस आली तर कंपनी स्वतःची अ‍ॅडमिन फी वेगळी लावते, त्यावर रडून उपयोग नाही.

बाकीच्या फुटकळ. डबल पिवळ्या लाइनीच्या (म्हणजे पार्किंगला बंदी) मागे गवतावर गाडी चढवली म्हणजे सुटलो असं नसतं, ती लाइन मागच्या गवताला आणि फुटपाथलाही लागू आहे. नॅशनल पार्कात या लाइनी कधी कधी बारीक आणि फिकट असतात, "जुनी झालीय" समजू नका. आई-बाबांना उतरवायला मात्र त्या लाइनीवर क्षणभर थांबता येतं. उतरवा आणि निघा, तुम्ही त्यांच्याबरोबर आइस्क्रीम खायला उतरू नका.

डिस्क झोन (काचेत वेळेची डिस्क ठेवून ठरावीक वेळच गाडी लावायची जागा) असेल तर दुकानातून फुकटची डिस्क घ्या आणि तिच्यावर आल्याची वेळ लावा, जायची नाही. एकाने जायची लावली होती, इंजिनिअर माणूस.

रात्री रस्त्यावर लावायची असेल तर तोंड ट्रॅफिकच्या दिशेनेच हवं, आणि स्पीड लिमिट ३०च्या वर असेल तर पार्किंग लाइट चालू. लोक हे वाचून हसतात, पण नियम आहे.

काउन्सिलच्या पार्किंगमध्ये वेळ संपल्यावर १० मिनिटांची सूट असते, पण ती धरून प्लॅन करणाऱ्यांनी मला मेसेज करू नये. दऱ्यांमध्ये सिग्नल नसतो, अ‍ॅपच्या भरवशावर जाऊ नका, मी गाडीत नाण्यांची जुनी व्हिक्सची बाटली ठेवतो.

आणि ते कॅटबेल्स. जेमतेम ४५१ मीटरचा डोंगर, पोराबाळांना चढता येतो म्हणून सगळे तिथेच, आणि खालच्या अरुंद रस्त्याच्या कडेला एवढ्या गाड्या की बसलाही निघता येत नाही. तिथे जागा शोधत गोल गोल फिरणं मी कधीच सोडलं. गाडी केस्विकच्या मोठ्या कार पार्कात दिवसभराचं तिकीट काढून लावतो आणि डरवेंटवॉटर तळ्यावरून लाँचने हॉज एंडला उतरतो, पायवाट तिथूनच सुरू होते. आत्याला तर डोंगरापेक्षा बोटच जास्त आवडली. फक्त परतीची शेवटची लाँच किती वाजता आहे ते चढता चढता नाही, बोटीतून उतरतानाच बोटवाल्याला विचारून ठेवा, आम्ही विचारलं नव्हतं आणि काकांना तळ्याच्या कडेकडेने चालत केस्विकला आणलं.