माजी सैनिकांसाठी गावपातळीवर काम करताना: सुरुवात पत्नीच्या नावापासून करावी

समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण संपवून मी सातारा जिल्ह्यात माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या एका लहान गटात रुजू झाले, तेव्हा हे काम मुख्यतः समुपदेशनाचे असेल अशी माझी समजूत होती. पहिल्या महिन्यात ज्या ज्या घरी गेले, तेथे चहाच्या आधी पलंगाखालची काळी पत्र्याची पेटी ओढून बाहेर काढली गेली. पेटीवर पांढऱ्या रंगात सेवा क्रमांक आणि नाव, आत डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक म्हणजे फौजेतून निवृत्त होताना मिळालेले सेवेच्या नोंदींचे पुस्तक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ आणि काही जुने फोटो. या पेटीतली कागदपत्रे वाचता येईपर्यंत समुपदेशनाची वेळ येत नाही, हे समजायला मला बरेच महिने लागले. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचे तेवढे महिने वाचावेत म्हणून हे लिहीत आहे.

सर्वात आधी कोठे जावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावाचे नाव सर्वांना माहीत असते. पहिल्या महायुद्धात तेथील ४६ जवान कामी आले आणि आजही घरटी माणूस फौजेत असल्याचे सांगितले जाते. अशा गावात मात्र तुमची फारशी गरज नसते, कारण तेथे एखादे निवृत्त सुभेदारसाहेब सगळ्यांचे अर्ज भरून देत असतात आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील कल्याण संघटक कोणत्या तारखेला तालुक्याला येणार हेही त्यांना ठाऊक असते. खरी अडचण असते ती दोन-तीनच पेन्शनर असलेल्या डोंगरातल्या वाडीत. तेथे विचारायला कोणी नसते, आणि विचारणे हवालदारसाहेबांच्या स्वभावात बसत नाही. मी असे म्हणेन की पहिले वर्ष फक्त अशा वाड्यांना द्यावे.

गेल्यावर माणसाला त्याच्या हुद्द्याने हाक मारावी. गावात कोणत्याही निवृत्त फौजीला 'मेजर' म्हणण्याची पद्धत आहे, पण नायक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला ते कधी कधी टोचते, म्हणून हुद्दा आधी विचारून घ्यावा. युद्धाबद्दल आपण होऊन काही विचारू नये. युनिट कोणते आणि ट्रेड म्हणजे फौजेतले काम कोणते, एवढे विचारले तरी पुढचा अर्धा तास बोलणे आपोआप चालू राहते. सेवा क्रमांक विचारावा. स्वतःचा मोबाइल क्रमांक नातवाला विचारणारी माणसे तीस वर्षांपूर्वीचा सेवा क्रमांक एका दमात सांगतात, आणि पुढच्या प्रत्येक पत्रव्यवहारात तोच लागतो.

पत्रव्यवहार कोणाशी करायचा, हे पलटणीवर ठरते, कारण सैनिकांच्या नोंदी ठेवणारे रेकॉर्ड ऑफिस प्रत्येक पलटणीचे वेगळे असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला आणि बॉम्बे सॅपर्सचे खडकीला आहे. नावातील दुरुस्ती, मुलांच्या जन्माची नोंद, पत्नीची नोंद या सगळ्या गोष्टी तेथून होतात. पेन्शन मात्र आता संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीतून प्रयागराजहून थेट खात्यात जमा होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे राज्य शासनाचे. ओळखपत्र, मुलांच्या शिष्यवृत्त्या, आर्थिक मदतीचे अर्ज ही त्याची कामे. या तिघांची सरमिसळ झाली की अर्ज सहा-सहा महिने चुकीच्या टेबलावर पडून राहतो.

आता मूळ मुद्दा. आपण सैनिकासाठी काम करत आहोत असे आपण समजतो; कागद मात्र अडतात ते बहुतेक वेळा त्याच्या पश्चात, त्याच्या पत्नीपुढे. म्हणून पेटी उघडली की डिस्चार्ज बुकमध्ये पत्नीचे नाव कसे लिहिले आहे ते आधी पाहावे आणि त्यांचे आधार कार्ड शेजारी ठेवावे. भरतीच्या वेळी लग्न झालेले नसते. पुढे लग्न होते, नाव बदलले जाते, आणि सुट्टीवरून परतलेला जवान युनिटच्या कारकुनाला घाईत नाव सांगतो, ते पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सैनिकाच्या वैयक्तिक नोंदींच्या अधिकृत आदेशात, छापून येते. एका ठिकाणी माहेरचे नाव, दुसरीकडे सासरचे. एकीकडे नावाला 'बाई' जोडलेले, दुसरीकडे गाळलेले. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. जन्मतारखेची गंमत आणखी वेगळी. शाळेच्या दाखल्यावर निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनला झालेला असतो, आणि जी बाई शाळेत गेलीच नाही तिचा आधारवर १ जानेवारीला.

नवरा हयात असताना ही तफावत दूर करणे तुलनेने सोपे असते, कारण अर्जावर सही करणारा आणि पलटणीची भाषा जाणणारा माणूस समोर बसलेला असतो. तो गेल्यानंतर त्याच एका 'बाई'साठी प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, पुन्हा प्रतिज्ञापत्र असा फेरा सुरू होतो, आणि तोपर्यंत कुटुंब निवृत्तिवेतन थांबलेले असते. मी पाहिलेल्या एका प्रकरणात आजींना चौदा महिने एक रुपयाही मिळाला नव्हता. नंतर थकबाकीसह सर्व रक्कम जमा झाली, पण दरम्यान त्यांनी दुभती म्हैस विकली होती.

हा विषय काढणे अवघड असते. समोर धडधाकट माणूस बसलेला असताना 'तुमच्या पश्चात' हे शब्द उच्चारायचे कसे? मी सुरुवातीला आडवळणाने बोलत असे. एका वृद्ध नायकांनी मला मध्येच थांबवून सांगितले की बाळ, आम्ही अठराव्या वर्षीच वारसाचा फॉर्म भरला आहे, सरळ बोल. तेव्हापासून मी सरळ बोलते. मात्र बोलताना वहिनींना स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून घेते, कारण पीपीओ कोठे ठेवला आहे आणि खाते संयुक्त आहे की नाही, हे त्यांना स्वतःला माहीत असणे आवश्यक आहे. आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घालते: मृत्यूची सूचना लगेच द्यायची, आणि त्यानंतर जमा झालेली पेन्शन एटीएममधून काढायची नाही. ती रक्कम पुढे वसूल केली जाते, आणि बहुधा ती काढणारा मुलगाच असतो.

उपचारांबाबत थोडक्यात सांगते. पेन्शनरांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. नेहमीच्या आजारासाठी आधी पॉलिक्लिनिक, तेथून रेफरल आणि मग संलग्न रुग्णालय असा क्रम असतो. तातडीच्या प्रसंगी मिळेल त्या रुग्णालयात न्यावे, परंतु ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे. हा आकडा मी दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून येते.

पेन्शन नसलेला फौजी हा वेगळाच विषय आहे, आणि नवीन कार्यकर्ते त्याला हमखास विसरतात. जवानाला पेन्शनसाठी साधारणपणे १५ वर्षांची सेवा लागते. त्याआधी घरच्या अडचणीमुळे नाव कापून, म्हणजे नोकरी मध्येच सोडून, आलेली माणसे गावात असतात आणि ती स्वतःला माजी सैनिक म्हणवून घ्यायलाही संकोचतात. हवालदार किंवा त्याखालील हुद्द्याच्या, पेन्शन नसलेल्या आणि वयाची ६५ वर्षे ओलांडलेल्या गरजू माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक मंडळाकडून निर्वाह अनुदान मिळते. नोव्हेंबर २०२५ पासून ते दरमहा ४,००० वरून ८,००० रुपये झाले. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. त्यासाठी डिस्चार्ज बुक लागते आणि नेमके तेच पावसात भिजलेले किंवा भाऊबंदांच्या वाटणीत हरवलेले असते, त्यामुळे रेकॉर्ड ऑफिसकडे दुसऱ्या प्रतीची मागणी लवकरात लवकर करावी.

शेवटी माझ्या एका चुकीविषयी. पहिल्या नोव्हेंबरमध्ये मी अकरा जणांचे हयातीचे दाखले, म्हणजे पेन्शन चालू राहण्यासाठी दरवर्षी द्यावे लागणारे जिवंत असल्याचे दाखले, मोबाइलवरून काढून दिले. प्रत्येक वेळी यशस्वी झाल्याचा संदेश आला, सर्वांनी समाधानाने चहा पाजला, आणि पुढे अकराही जणांची पेन्शन बंद झाली. पेन्शन देणारी संस्था निवडताना मी सवयीने त्यांची बँक निवडली होती; प्रत्यक्षात त्यांची प्रकरणे आधीच स्पर्शकडे गेलेली होती, त्यामुळे दाखला निघाला पण पोहोचला नाही. अकरा घरी जाऊन मी चूक कबूल केली आणि दाखले पुन्हा काढले. त्यांतल्या एका आजींच्या बोटांचे ठसे भांगलणीने इतके झिजले होते की यंत्र ते घेईना. चेहऱ्यावरून पडताळणी करण्यासाठी त्यांना ओसरीतून उठवून अंगणातल्या उजेडात बसवले. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, ताठ बसल्या आणि पापणी मिटायला सांगितल्यावर दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले. चौथ्या प्रयत्नाला जमले. मग त्यांनीच विचारले, "शेजारच्या वाडीत माझी जाऊ असते, तिचं कोण करतं?"