एकाच ब्रेडबोर्डवर ट्रान्झिस्टरच्या तीन जोडण्या कशा कराव्यात

कॉमन एमिटर, कॉमन कलेक्टर आणि कॉमन बेस ही तीन निराळी सर्किटे म्हणून पाठ केली की हमखास गोंधळ होतो. प्रत्यक्षात ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांना (एमिटर, बेस, कलेक्टर) डीसी दाब, म्हणजे स्थिर व्होल्टेज, देणारा सांगाडा जवळपास तोच राहतो. सिग्नल कोणत्या पायातून आत जातो आणि कोणत्या पायातून बाहेर येतो एवढेच बदलते, आणि उरलेला पाय ‘कॉमन’ ठरतो.

प्रथम सांगाडा उभारावा. बीसी५४७ या ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरल्यास डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम मिळतो. (२एन३९०४ हा ट्रान्झिस्टर दिसायला तसाच, पण क्रम नेमका उलटा.) ९ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकापासून बेसला ४७ किलोओहमचा आणि कलेक्टरला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर जोडावा. ऋण टोकापासून बेसला १० किलोओहमचा, तर एमिटरला १ किलोओहमचा.

आता मल्टिमीटरने ऋण टोकाच्या सापेक्ष दाब मोजावेत. बेसवर सुमारे १.५, एमिटरवर ०.९ आणि कलेक्टरवर ४.५ ते ५ व्होल्ट दिसायला हवेत. कलेक्टरवर जवळजवळ पूर्ण ९ व्होल्ट दिसले, तर ट्रान्झिस्टर बंद आहे असे समजून बेसची जोडणी तपासावी. हे आकडे जुळल्याशिवाय सिग्नल जोडण्यात अर्थ नाही.

कॉमन एमिटरसाठी १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून सिग्नल बेसला द्यावा आणि तसाच दुसरा कपॅसिटर लावून कलेक्टरवरून घ्यावा. दोन्हींचे धन टोक ट्रान्झिस्टरकडे असावे. सिग्नल उलटा होऊन साधारण साडेचार पट वाढतो. एमिटरच्या रेझिस्टरला समांतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास वाढ दीडशे पटींच्या आसपास जाते, मात्र मग १० मिलिव्होल्टच्या पुढचा सिग्नल विकृत होऊ लागतो.

कॉमन कलेक्टरसाठी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढावा, कलेक्टरच्या रेझिस्टरऐवजी साधी तार लावावी आणि सिग्नल एमिटरवरून घ्यावा. दाब वाढत नाही, पण कमजोर स्रोतावर ताण न येता पुढच्या टप्प्याला पुरेसा प्रवाह मिळतो.

कॉमन बेससाठी कलेक्टरचा रेझिस्टर पुन्हा बसवावा, बेस १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने ऋण टोकाला जोडावा, सिग्नल कपॅसिटरमधून एमिटरला द्यावा आणि कलेक्टरवरून घ्यावा. इथे सिग्नल उलटत नाही; इनपुटचा रोध मात्र जेमतेम ३० ओहम असल्याने बहुतेक स्रोत दबतात. तरीही उच्च वारंवारतेच्या रेडिओ सर्किटांत हीच जोडणी उपयोगी पडते, कारण सिग्नलच्या दृष्टीने जमिनीला (म्हणजे ऋण टोकाला) बांधलेला बेस कलेक्टरकडून इनपुटकडे परतणारा सिग्नल अडवतो.