वाढवायचं, पण कोणत्या शब्दाने?

भाषांतराच्या कामाला नुकती लागले होते. आरोग्यविषयक पत्रकात मी लिहिलं, 'गाठीचा विकास होतो.' संपादिकाबाईंनी त्याखाली रेघ मारली आणि विचारलं, "हा विकास हवाय कुणाला?" 'विकास' म्हटलं की चांगलं घडतंय असं वाचणारा धरून चालतो. तिथे 'गाठ वाढते' एवढंच पुरेसं होतं.

कोशात वाढवणे, विस्तारणे, वृद्धिंगत करणे, भर घालणे हे शब्द शेजारी बसलेले दिसतात. नवीन माणूस त्यातला भारदस्त उचलतो. तसं करू नका. आधी नाम बघा. संख्या वाढते, व्याप विस्तारतो, दर्जा उंचावतो. ज्ञानात भर पडते, म्हणजे आधीचं जागेवर राहून वर नवीन येतं. 'संवर्धन' या शब्दात जपणंही आहे, म्हणून ते वनांचं होतं, विक्रीचं नाही.

नको असलेल्या वाढीसाठी तर मराठी फारच श्रीमंत आहे. दुखणं बळावतं, वाद चिघळतो, तण माजतं, गैरप्रकार फोफावतात, खर्चाचे आकडे फुगवले जातात. सगळीकडे 'वाढ झाली' लिहिलं तर व्याकरण चुकत नाही, पण लिहिणाऱ्याचं मत वाक्यातून निघून जातं. मला हे नुकसान मोठं वाटतं. आणि 'आवाज' घ्या: रेडिओचा वाढवतात, भांडताना चढवतात, अन्यायाविरुद्ध उठवतात.

आकड्यांपाशी मात्र प्रश्न शैलीचा नसतो, खऱ्याखोट्याचा असतो. व्याजदर 4 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर गेला, तर तो 2 टक्क्यांनी वाढला नाही. 2 टक्केबिंदूंनी (म्हणजे दोन टक्केवारींच्या सरळ वजाबाकीने) वाढला, किंवा मूळ 4 च्या तुलनेत 50 टक्क्यांनी. 100 चे 300 झाले तर सरळ 'तिप्पट झाले' लिहा. 'तीन पटींनी वाढले' वाचून कुणी 300 समजतो, कुणी 400. '20 टक्क्यांनी' आणि '20 टक्क्यांपर्यंत' यांतला फरक घाईत हमखास निसटतो. मूळ मजकूर पुन्हा उघडून बघा.

सुटं क्रियापद पाठ करण्यापेक्षा नामासकट वहीत टिपा. माझ्या वहीत एका पानावर 'भाषण' आहे. भाषण लांबलं, म्हणजे आपोआप. लांबवलं, म्हणजे वक्त्याने मुद्दाम. लांबणीवर टाकलं, म्हणजे ते अजून सुरूच झालेलं नाही.