कॅम्पर ट्रेलर क्लबच्या लाँग वीकेंड कॅम्पला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून घ्या

पहिलं सांगतो, शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर थेट निघायचा प्लॅन असेल तर तो आत्ताच रद्द करा. अनोळखी मातीचा रस्ता, मागे दीड टनाचा कॅम्पर ट्रेलर (उघडला की कॅनव्हासचा तंबू होतो तो), पोरं मागच्या सीटवर पेंगलेली, रस्त्यात मध्येच कांगारू, आणि पोचल्यावर अख्खा क्लब शेकोटीभोवती खुर्च्या टाकून तुमचं रिव्हर्सिंग बघत बसलेला. शुक्रवारी अर्धा दिवस रजा काढा नाहीतर शनिवारी पहाटे निघा, पण उजेडात पोचा. क्लबातली जुनी मंडळी गुरुवारीच जाऊन सावलीच्या जागा धरून बसतात, त्यांच्याशी स्पर्धा करायची नाही.

हे सगळं मी ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य धरून लिहितोय, दुसऱ्या राज्यात नियम थोडेफार बदलतात ते बघून घ्या. आणि वीकेंड कुठला यावर अर्धी तयारी ठरते. मार्चमधला लेबर डे म्हणजे उन्हाळा नुकताच संपलेला असतो पण वणव्यांचा सीझन चालू, सापही फिरत असतात. जूनचा किंग्ज बर्थडे म्हणजे हाय कंट्रीत (राज्याच्या उंच डोंगराळ भागात) रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, आणि तो वीकेंड झाला की तिथले बरेच ट्रॅक हिवाळ्यासाठी बंद होतात ते मेलबर्न कपच्या (नोव्हेंबरच्या सुरुवातीची घोड्यांची शर्यत) सुमारास उघडतात, म्हणून त्या दोन्ही वीकेंडना सगळे एकदमच डोंगरात घुसतात. मॅन्सफिल्डजवळच्या शीपयार्ड फ्लॅटसारख्या नदीकाठच्या जागा तेव्हा गच्च भरलेल्या असतात. तुमच्या क्लबने जागा कुठली घेतलीय, ती नॅशनल पार्कात आहे का स्टेट फॉरेस्टमध्ये हे आधीच विचारा, कारण कुत्रा न्यायचा की नाही ते त्यावर ठरतं. स्टेट फॉरेस्टमध्ये सहसा चालतो, बहुतेक नॅशनल पार्कांत चालत नाही, आणि पोचल्यावर हे कळलं तर कुत्र्याचं काय करणार?

आता ट्रेलर. नवीन असो की सेकंडहँड, निघायच्या आधी घरच्या ड्राइव्हवेत निदान दोनदा पूर्ण उघडा आणि बंद करा, कुणाच्याही मदतीशिवाय, घड्याळ लावून. कुठला पोल कुठे जातो, कुठली झिप आधी लावायची, गादी कुठे अडकते हे सगळं तिथेच कळतं. पोलना रंगीत टेप लावून ठेवा, लाल जोडी पुढे, निळी मागे असं काहीतरी, फार उपयोग होतो. कॅनव्हास नवा कोरा असेल तर होजपाइपने चांगला भिजवा, पूर्ण वाळू द्या, परत भिजवा, असं दोनतीन वेळा करा. शिलाईच्या भोकांतून सुरुवातीला पाणी झिरपतं, भिजल्यावर धागा फुगतो आणि भोकं बुजतात. हे न करता गेलात आणि पहिल्याच रात्री पाऊस आला तर शिवणीतून थेंब बरोबर उशीवर पडतात, आणि मग लोक ट्रेलर बनवणाऱ्याला शिव्या घालतात.

वजनाचा विषय कंटाळवाणा आहे पण टाळू नका. ट्रेलरच्या प्लेटवर एटीएम लिहिलेलं असतं, म्हणजे सगळं सामान भरून ट्रेलर जास्तीत जास्त किती किलोचा असू शकतो तो आकडा. त्यातून रिकाम्या ट्रेलरचं वजन, म्हणजे टेअर, वजा करा, उरेल तेवढंच तुमचं सामान. समजा एटीएम १,८०० आणि टेअर १,३०० आहे, तर ५०० किलो मिळाले. ऐकायला भरपूर वाटतात, पण १०० लिटर पाणी भरलं की १०० किलो तिथेच गेले, मग गॅसचे दोन सिलिंडर, जास्तीची बॅटरी, भरलेला फ्रीज, सरपण, पोरांच्या सायकली, संपलं. एकदा पूर्ण भरून वजनकाट्यावर नेऊन बघाच. टो बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागच्या ज्या गोळ्याला ट्रेलर अडकतो त्यावर, ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहा टक्के भार यायला हवा, जड वस्तू ॲक्सलच्या आसपास आणि खाली ठेवा, सगळं मागे कोंबलं तर हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. गाडीची टोइंग क्षमता, टो बारची क्षमता आणि ट्रेलरचा आकडा यातला जो सगळ्यात लहान तो तुमचा खरा आकडा. ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक लागतातच, २,००० च्या वर गेलात तर सगळ्या चाकांना आणि शिवाय ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लागणारी सिस्टीम.

निघताना सेफ्टी चेन, ती अडकवायचे रेटिंग असलेले शॅकल (लोखंडी कड्या), लाइट, नंबर प्लेट बघा. पहिल्या स्टॉपला उतरून ट्रेलरच्या चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न्या, एका बाजूचं दुसऱ्यापेक्षा जास्त तापलं असेल तर बेअरिंग किंवा ब्रेकची भानगड आहे. व्हील नट तेव्हाच परत आवळून घ्या. न्यू साउथ वेल्समध्ये जात असाल तर लाँग वीकेंडला डबल डिमेरिट असतात, म्हणजे लायसन्सवर दंडाचे पॉइंट दुप्पट लागतात, स्पीड आणि मोबाइल दोन्हीसाठी, उगाच घाई करू नका.

डांबर संपलं की टायरची हवा कमी करा, हायवेला ४० असेल तर खडी-मातीवर २८-३० पीएसआय, गाडीची पण आणि ट्रेलरची पण, आणि त्याबरोबर स्पीडही कमी. बरेच लोक गाडीचीच हवा काढतात, ट्रेलर विसरतात, मग खडखडाटात फ्रीजच्या स्लाइडचे बोल्ट ढिले होतात आणि अंडी फुटतात. परतीसाठी कॉम्प्रेसर लागेल तो हाताशी ठेवा, सगळ्या सामानाच्या तळाशी नको. शेवटच्या गावात डिझेल-पेट्रोल काठोकाठ भरा.

रेडिओबद्दल नवे लोक गोंधळतात. युएचएफवर (गाड्यागाड्यांत बोलायचा रेडिओ) ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनेलवर असतात, कॅरॅव्हॅन-कॅम्परवाले साधारण १८ वर, फोर व्हील ड्राइव्हवाले १० वर. क्लब आपला चॅनेल आधी सांगेल तो लावा. ५ आणि ३५ फक्त इमर्जन्सीसाठी, तिथे गप्पा मारायच्या नाहीत, आणि २२-२३ वर तर बोलायचंच नसतं, ते डेटासाठी आहेत. ट्रॅकवर पुढचा माणूस "समोरून दोन गाड्या येतायत, उजवीकडे खड्डा आहे" असं सांगत असतो, ते ऐकण्यासाठी तरी रेडिओ घ्याच, हातात धरायचा चालतो.

पोचलात की लगेच जागा पकडायची घाई नको. आधी गाडीतून उतरा, चालत फिरा आणि वर बघा. निलगिरीची, त्यातही नदीकाठच्या रेड गमची मोठी फांदी वारा नसतानाही तुटून पडते, कितीही सुंदर सावली असली तरी खाली ट्रेलर लावायचा नाही. पाण्यापासून निदान २० मीटर लांब. दुसऱ्याच्या दाराकडे तोंड करून लावू नका, क्लबात बहुतेक वेळा मधे एक सामायिक शेकोटी आणि भोवती ट्रेलर अशी रचना असते, कोऑर्डिनेटरला विचारा आणि बाहेर निघायचा रस्ता मोकळा ठेवा. आगीची वॉर्निंग आली तर सगळ्यांना त्याच रस्त्याने निघायचंय.

रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला ठेवा, ट्रेलरची मागची बाजू जिकडे न्यायची तिकडे हात न्या, बस. जमत नसेल तर थांबा, सरळ पुढे घ्या, परत करा. मागे उभा राहून सांगणारा एकच माणूस ठरवा, जो आरशात दिसतो. चौघं चार बाजूंनी हात हलवायला लागले की नवरा-बायकोची भांडणं होतात हे प्रत्येक कॅम्पला बघायला मिळतं. मग आधी आडवी लेव्हल, एका चाकाखाली फळी किंवा रॅम्प घालून. ती झाली की दोन्ही चाकांना उटी (चाक अडवणारे ठोकळे) लावा, त्यानंतरच ट्रेलर गाडीपासून सोडा, आणि शेवटी जॉकी व्हील (ट्रेलरच्या पुढचं छोटं चाक) फिरवून पुढे-मागे लेव्हल. हा क्रम उलटा केला आणि जमीन उताराची असली तर ट्रेलर स्वतःहून निघतो. तंबू ताणून धरणारे दोर (गाय रोप) बांधल्यावर प्रत्येक दोराला पांढरा कपडा किंवा चमकणारी टेप बांधा, रात्री पोरं पळत असतात.

वीज हा तिसऱ्या दिवशीचा प्रश्न आहे, पहिल्या रात्री सगळ्यांचं सगळं चालतं. एक ४०-५० लिटरचा फ्रीज हवेनुसार दिवसाला ३० ते ५० ॲम्पिअर-अवर खातो. १०० ची साधी एजीएम (शिशाची) बॅटरी असेल तर त्यातले अर्धेच वापरायचे, म्हणजे साधारण एक-दीड दिवसच निघतो, लिथियम असेल तर ८०-९० पर्यंत जाता येतं. सोलर पॅनल असेल तर लांब वायर घ्या, ट्रेलर सावलीत आणि पॅनल उन्हात, आणि दिवसातून दोनतीनदा फिरवा, फांदीची थोडी सावली पडली तरी आउटपुट धाडकन खाली येतो. फ्रीज आदल्या दिवशीच घरच्या विजेवर थंड करून, थंडच सामान भरा. जनरेटर आणायचा विचार असेल तर आधी विचारा, बहुतेकांना तो आवडत नाही आणि काही पार्कांत चालतही नाही. दिवे पिवळे लावा, पांढऱ्यावर किडे फार येतात.

शेकोटी. टोटल फायर बॅन (उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी) असेल त्या दिवशी शेकोटी नाहीच, विषय संपला, भले सगळं सरपण आणलेलं असो, त्यामुळे रोज सकाळी जिथे नेटवर्क असेल तिथून विकएमर्जन्सी ॲप (व्हिक्टोरियाच्या इशाऱ्यांचं) बघायचं. एरवी बांधलेल्या चुलीत, नाहीतर निदान ३० सेंटीमीटर खोल खड्ड्यात, आजूबाजूला आणि वर ३ मीटर पेटण्यासारखं काही नको, आणि कुणीतरी मोठं माणूस कायम नजरेच्या टप्प्यात. जवळ १० लिटर पाणी ठेवा. विझवायची पाण्याने, मातीने नाही, माती टाकली की खाली निखारे तासन्‌तास जिवंत राहतात आणि सकाळी कुणाचं तरी पोर अनवाणी त्यावरून जातं. पाणी ओता, ढवळा, परत ओता, राखेला हात लावून गार वाटली तरच झोपायला जा. न्यू साउथ वेल्सच्या नॅशनल पार्कांत पडलेलं लाकूडही गोळा करायचं नाही, घरून न्यायचं. आणि एक अगदी महत्त्वाचं, जूनमध्ये कितीही थंडी वाजली तरी गॅसची शेगडी, हीटर किंवा निखाऱ्याची परात तंबूत न्यायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. जाड स्लीपिंग बॅग, गादीखाली फोमची चटई आणि गरम पाण्याची पिशवी एवढं पुरतं.

दुपारी चार-पाचच्या सुमाराला सगळे आपापली खुर्ची, आपलं पेय आणि काहीतरी खायचं घेऊन मधे जमतात. हे चुकवू नका, खरी ओळख इथेच होते, आणि कुठला बेअरिंग ग्रीस चांगला, कुठली झिप टिकते हे फुकटचं ज्ञान पण इथेच मिळतं. एक संध्याकाळ बहुधा कॅम्प ओव्हनची असते, बिडाच्या भांड्यात खाली-वर निखारे ठेवून रोस्ट, डॅम्पर (निखाऱ्यावरचा साधा पाव) वगैरे. निखारे झाकणावर जास्त आणि खाली कमी, नाहीतर तळ करपतो. शाकाहारी असाल तर आपला तवा आणि चिमटा वेगळा न्या आणि पहिल्याच दिवशी सांगून टाका, कुणाला काही वाटत नाही. भाज्या सगळ्यांना पुरतील एवढ्या केल्या तर त्याच आधी संपतात. रात्री खाण्याचं काहीही बाहेर ठेवू नका, पॉसम (झाडावर राहणारा, रात्री फिरणारा प्राणी) झिप उघडत नाही, सरळ फाडतो.

टॉयलेट असलं तर ते खड्ड्याचं असतं आणि लाँग वीकेंडला दुसऱ्या दिवशी कागद संपलेला असतो, आपला न्या. नसलंच तर पाण्यापासून आणि कॅम्पपासून १०० मीटर लांब, १५ सेंटीमीटरपेक्षा खोल खड्डा करून बुजवायचा. पोर्टेबल टॉयलेट असेल तर त्यातलं केमिकलचं पाणी त्या खड्ड्याच्या टॉयलेटमध्ये ओतायचं नाही, डंप पॉइंटलाच (असं पाणी ओतायची ठरलेली जागा).

मोबाइलला रेंज नसेल हे धरूनच चला. इमर्जन्सी प्लस ॲप टाकून ठेवा, तुम्ही कुठे आहात त्याचे अक्षांश-रेखांश ते दाखवतं, फोन करायचा तो ०००. शक्य असेल तर पीएलबी (रेंज नसली तरी उपग्रहावरून मदतीचा सिग्नल पाठवणारं यंत्र) घ्या. साप चावला तर पट्टी घट्ट आणि रुंद, बोटांपासून वर अख्ख्या हाता-पायावर, काठी बांधून हालचाल बंद, आणि माणसाला चालवायचं नाही. जखम धुवायची नाही, हॉस्पिटलमध्ये त्यावरून विष ओळखता येतं. फर्स्ट एड किट ट्रेलरमध्ये कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

सोमवारी सगळे दहा-अकराला निघतात आणि दुपारी हायवे तुंबतो, म्हणून एकतर लवकर निघा नाहीतर जेवून आरामात. कचरापेटी नसतेच, सगळं परत न्यायचं, शेकोटीत डबे आणि काचा टाकायच्या नाहीत. आणि पावसात किंवा दवात कॅनव्हास ओला गुंडाळावा लागला तर लागला, पण घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तो उघडून पूर्ण वाळवायचा, ड्राइव्हवेत जागा नसेल तर गॅरेजमध्ये पंखा लावून. एकदा काळी बुरशी धरली की ते डाग जात नाहीत. हवा भरताना डांबराचं प्रेशर परत केलंत ना, तेही बघा, कमी हवेवर हायवेला टायर तापून फुटतो.