वडिलांची काळी सायकल साठीतल्या गुडघ्यांना जुळवून घेताना

कोल्हापुरातल्या जुन्या घरांच्या बोळात धूळ खात उभी असलेली, दांड्याच्या ब्रेकची काळी सायकल भंगारात घालण्यापूर्वी तिचा सांगाडा एकदा तपासून पाहावा. तिची ठेवण ताठ बसवणारी असते आणि दोन चाकांमधल्या लांब अंतरामुळे खड्ड्यांचा हिसका पाठीपर्यंत कमी पोहोचतो. उतारवयात हेच हवे असते. मात्र कामाचा क्रम सांगाडा, सीट, हँडल आणि सर्वांत शेवटी गिअर असा ठेवावा. मी नेमका उलट्या क्रमाने खर्च केला आणि वर्षभर गुडघे चोळत बसलो.

प्रथम चिमट्याच्या नळीमागे, म्हणजे पुढचे चाक धरणारा चिमटा ज्या उभ्या नळीत फिरतो तिच्या मागे, तिरपी नळी जिथे जोडलेली असते त्या जागेच्या खालच्या अंगाने बोट फिरवावे. तेथे रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे असे समजून ती सोडून द्यावी. त्यानंतर मागच्या आसाच्या एका खाचेला सुतळी बांधून ती चिमट्याच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणावी आणि सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. दोन्ही मापे सारखी आली तर सांगाडा सरळ आहे. एखादा सांधा सुटलेला असल्यास पितळेचाच डाग द्यायला सांगावे, कारण पातळ नळीवर साधे वेल्डिंग केले की कडेची नळी जळून कमजोर होते. सीटचा दांडा नळीत सैल बसत असेल, तर शिवाजी उद्यमनगरात लेथवर मापाचा बुश, म्हणजे मधली फट भरणारी पोकळ कडी, कातून घेता येतो.

सीटच्या उंचीवर घाई करू नये. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावे आणि चप्पल काढून टाच पायडलवर ठेवावी. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे एरवी चवडा टेकवून चालवताना गुडघ्यात किंचित वाक उरतो. सिग्नलला दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून आपल्याकडे सीट खाली ठेवण्याची सवय आहे आणि गुडघ्यांचे बरेचसे दुखणे या एका सवयीतून येते. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकावा. माझी सीट दोन बोटे वर गेल्यावर जिना उतरतानाची कळ पंधरवड्यात ओसरली. ताठ बसल्यावर वजन बैठकीवरच येत असल्यामुळे सीट रुंद आणि स्प्रिंगची असावी. अरुंद सीट वाकून चालवणाऱ्यासाठी असते.

पाय मागून वर टाकणे जड जात असेल, तर आडवी नळी नसलेली, ज्याला सगळे ‘लेडीज सायकल’ म्हणतात, ती निःसंकोच घ्यावी. लोक चार दिवस हसतात. तोल जाऊन खुबा मोडला तर चार महिने जातात.

हँडल सीटच्या पातळीला किंवा थोडे वर असावे. ते वर घेतल्यावर ब्रेकचे दांडेही पुन्हा जुळवावे लागतात, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. हँडलच्या दांड्यावर मर्यादेची खूण असेल तर ती नळीबाहेर दिसता कामा नये. दांड्याचे ब्रेक रिमला आतून दाबतात आणि पावसात ओल्या लोखंडी रिमवर ते फार उशिरा पकडतात. बाजूने पकडणारे ब्रेक हवे असल्यास रिमही बदलावी लागते, कारण जुन्या गोल रिमला त्यांच्यासाठी सपाट बाजूच नसते.

आता गिअर. या सायकलींना बहुधा पुढे 44 आणि मागे 18 दात्यांची चक्रे असतात. चाकाचा घेर सुमारे 2.2 मीटर धरला तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 5.4 मीटर जाते. मागे 22 दात्यांचे फ्रीव्हील बसवले की तेच अंतर 4.4 मीटरवर येते. मिनिटाला 60 फेऱ्यांच्या हिशेबाने वेग तासाला 19 किलोमीटरवरून 16 वर उतरतो, पण चढावर गुडघ्यावरचा भार जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी होतो. त्यासाठी चाक खाचेत थोडे पुढे घ्यावे लागते किंवा चेन वाढवावी लागते, आणि पूर्ण चेनकव्हर असेल तर ते आतून घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून ऐकावे. तीन गिअरचा हब, म्हणजे ज्याच्या पोटातच गिअर असतात असा चाकाचा मधला भाग, बसवणे सुखाचे खरे, पण त्याचे सुटे भाग शोधण्याची तयारी असेल तरच त्या वाटेला जावे. वाघबीळनंतरचा पन्हाळ्याचा चढ एका गिअरवर चढण्याचा हट्ट साठीनंतर करू नये.

पहिला आठवडा रंकाळ्याभोवती फिरावे आणि मगच शिवाजी पूल ओलांडून वडणग्याकडे जावे. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची वर्दळ असते, म्हणून घराकडे लवकर वळावे. पहिल्या 50 किलोमीटरनंतर क्रँकची कॉटर पिन (पायडलचा दांडा आसाला पक्का धरणारी पाचर) आणि चाकाच्या तारा पुन्हा आवळून घ्याव्यात. सीटचे माप पक्के झाले की तिच्या दांड्यावर कानशीने बारीक रेघ मारून ठेवावी, कारण दुरुस्तीवाला सीट काढतो आणि परत बसवताना ती हमखास खाली घालतो.